संकासुराला चांगली वाक्ये दे

बाय,

तुझ्या झाडांवरच्या नाटकाची संहिता पोचली. दोनदा वाचली. पहिल्यांदा तुझा सर म्हणून, दुसऱ्यांदा देवळासमोर मागच्या बाजूला पाय पसरून बसलेला म्हातारा प्रेक्षक म्हणून. सरांना आवडली. म्हातारा चौथ्या पानावर पेंगला.

तुझा वड बोलतो, रडतो, आपण किती प्राणवायू देतो ते सांगतो. मग कुऱ्हाडवाला येतो, हा हा हा करून हसतो, घाव घालतो. शेवटी त्याला पश्चात्ताप होतो आणि सगळे मिळून रोप लावतात. अगो, हा कुऱ्हाडवाला तू कुठे पाहिलास? माझी सत्तरी उलटली, पण हसत झाड तोडणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. जे भेटले ते अडचणीत होते, नाहीतर हिशेबात.

आमच्या वाड्यावरच्या एका घराचे सांगतो. घरामागे चार माड. पूर्वी दोन-तीन महिन्यांनी पाडेली यायचा, सरसर चढायचा, नारळ उतरवून, सुकी चुडते काढून, आपला वाटा घेऊन जायचा. आता तो थकला. मुलगा जहाजावर आहे, त्याने माडावर का चढावे? नारळ आपल्या मर्जीने पडतात, कधी कौलांवर, कधी अंगणात. त्या घरच्या बाईने माड काढायचे ठरवले तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात समजवायला गेलो. ती म्हणाली, "सर, नाल्ल भुरग्याच्या माथ्यार पडलो जाल्यार जाप तुमी दितले?"

नारळ पोराच्या डोक्यावर पडला तर उत्तर मी देणार का? मला जाप देता आली नाही. चहा पिऊन परत आलो.

हे वाक्य तुझ्या नाटकात हवे. तुझ्या कुऱ्हाडवाल्याच्या तोंडी असे वाक्य असेल आणि वडाला त्यावर उत्तर शोधावे लागेल, तर पटांगणात कोणी पेंगणार नाही. प्रेक्षकांतल्या निम्म्या घरांत तेच बोलणे चाललेले असते.

तू म्हणशील, खलनायकाला चांगली वाक्ये दिली तर लोक त्याच्या बाजूला जातील. मग जत्रेतला काला, तो रात्रीचा दशावतारी खेळ आठव. दशावतारात पोरे कोणासाठी जागी राहतात? विष्णूसाठी? संकासूर येईपर्यंत त्यांचे डोळे मिटत नाहीत. तो वेद चोरतो, भटजींची खिल्ली उडवतो, गावातल्या कोणाचेही नाव घेऊन टोमणा मारतो, आणि त्याची वाक्ये कुठेही लिहिलेली नसतात, त्या गावात उभे राहून त्या रात्री सुचलेली असतात. शेवटी तो मरतो हे सर्वांना ठाऊक असते. तरी लोक त्याच्याबरोबर हसतात, आणि हसता हसता स्वतःला त्याच्यात पाहतात. तुला एवढे जमले तर झाडासाठी वेगळे भाषण लिहायला नको.

विनोदाला विषय हवा असेल तर आपल्या विधानसभेने तो देऊन ठेवला आहे. गोव्यात झाडे तोडण्याला आळा घालणारा कायदा १९८४चा. २०१६ साली त्यात दुरुस्ती होऊन माड झाडांच्या व्याख्येतून बाहेर गेला, आणि २०१७ मध्ये पुन्हा झाड झाला. वनस्पतिशास्त्राने पाहिले तर गोष्ट अगदीच हास्यास्पद नाही. माडाला फांद्या नाहीत, त्याच्या खोडात वर्षाची वलये नसतात, आणि तो गवत-बांबूंसारखा एकदल गटातला. पण ज्याचा नारळ फोडल्याशिवाय आपले एक शुभकार्य होत नाही, त्याला एके सकाळी कळते की आपण झाड नाही! न्यायाधीश, वकील, साक्षीला पाडेली, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात मावत नसलेला माड. तुझ्या जागी मी असतो तर वडाआधी हाच खेळ बसवला असता. असो, नाटक तुझे आहे.

आता चुका. "वड रात्रंदिवस प्राणवायू देतो" हे वाक्य काढ. रात्री उजेड नसला की झाड प्राणवायू तयार करत नाही, आपल्यासारखा नुसता श्वास घेते. मोबाइलवर फिरणारे असले ज्ञान एखाद्या दहावीतल्या मुलाने सर्वांसमोर खोडले की बाकीचे खरे बोलणेही वाया जाते. खरे हवे तर वडाचे फळ उघडून बघ. त्याची फुले त्या फळाच्या आत, बंद दाराआड असतात. चिलटाएवढी एक गांधीलमाशी बारीक भोकातून आत शिरते. शिरताना तिचे पंख तुटतात, ती आतच अंडी घालते, परागीकरण करते आणि तिथेच मरते. तिची नवी पिढी बाहेर पडून दुसऱ्या वडाकडे उडते. ही माशी नसेल तर वडाला बी नाही, आणि वडाला ऐन टंचाईत फळे नसतील तर धनेशाने काय खावे? बोराएवढा रंगमंच आणि आत जन्म-मरण. याहून मोठे नाट्य तू लिहू शकणार नाहीस, मीही नाही.

नेपथ्याबद्दल माझी फजिती सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी शाळेत मी "वृक्षवल्ली" वगैरे नाव देऊन एक नाटुकले बसवले. रंगमंचावर जंगल दिसावे म्हणून मुलांना सकाळी पाठवले, त्यांनी आंब्याच्या, जांभळीच्या हिरव्यागार फांद्या आणल्या. पडदा उघडला, टाळ्या पडल्या. झाडे तोडू नका असे पहिले वाक्य मुलगा बोलला आणि पहिल्या रांगेतल्या एका आजीने मोठ्याने विचारले, "ह्यो खांदयो खंयच्यान हाडल्यो रे पुता?" पोर खरे बोलले. म्हणाले, "सरांनी सांगितले." त्या दिवसापासून माझ्या नेपथ्यात एक पान नसते. नट हात वर करून उभा राहिला की झाड झाले, प्रेक्षक बाकीचे लावून घेतात.

घुमट, आपले मडक्याचे वाद्य, वाजवणार आहात ना? त्याचे कातडे पाहून घे. जुन्या घुमटांवर घोरपडीचे कातडे असते, आणि घोरपडीला १९७२च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. शेळीच्या कातड्याचे घ्या. नादात फरक पडतो असे जाणते म्हणतात. पडू दे.

खेळ कुठे करायचा? तू लिहितेस, पणजीत कला अकादमीच्या आवारात. तिथे येणाऱ्यांना झाडांविषयी सांगायची गरज कमी. ज्या झाडावर तोडण्यासाठी फुली मारली आहे त्याच्या सावलीत कर, दहा-बारा मिनिटांचा, संध्याकाळी बस सुटायच्या वेळेला. त्याआधी आठ दिवस त्या गावात नुसती बस. त्या झाडाला लोक काय नावाने ओळखतात, खाली कोणाचा गाडा लागतो, कोणते दैवत आहे, फांदी कोणाच्या घरावर येते, सगळे लिहून काढ. बायकांकडे जा. त्या धालो नाचतात त्या अंगणात, मांडावर, समोरासमोर दोन रांगा कशा उभ्या राहतात, एका रांगेचे गाणे दुसरी कशी उचलते, ते त्या तुला दाखवतील. चतुर्थीला गणपतीच्या वर टांगतात त्या माटोळीला कोणती रानफळे बांधतात आणि त्यातली कोणती आता मिळत नाहीत, एवढे विचारलेस तरी एक प्रवेश तयार होईल.

आणि खेळाने झाड वाचते, असे समजू नकोस. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये चांदोर गावात रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध लोक रात्रभर रुळांवर जमले. गाणी होती, मेणबत्त्या होत्या, तोच मार्ग जिथून जातो त्या मोलेच्या जंगलासाठी कितीतरी चित्रकारांनी, गायकांनी जीव ओतला. पण २०२२च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या जंगलातल्या टप्प्याची वन्यजीव मंजुरी रद्द केली ती कागदपत्रे, नकाशे, अभ्यास घेऊन कोणीतरी तिथपर्यंत गेले म्हणून. गाण्याने माणसे जमतात, जमलेल्यांनी पुढे काय करायचे ते आधी ठरवून ठेवावे लागते. म्हणून तुझे रोप लावण्याचे शेवटचे दृश्य काप. त्याऐवजी तुझ्या कुऱ्हाडवाल्या संकासुराला प्रेक्षकांना विचारू दे, "येत्या आयतारी ग्रामसभेक कोण कोण येतलो?" आणि हात वर होईपर्यंत त्याला तिथून हलू देऊ नकोस. हात नाही आले तर त्याने वाट बघत उभे राहावे. तेवढा वेळ गप्प राहणे नव्या नटाला फार जड जाते, त्याची तालीम वेगळी घे.

पुढच्या रविवारी नवी संहिता घेऊन ये. माझे घुमट घेऊन जा, शेळीच्या कातड्याचेच आहे. आणि त्या गावात फिरताना कोणी पाडेली भेटला तर आधी इकडे पाठव. आमच्याही दोन माडांचे नारळ कित्येक महिने उतरवलेले नाहीत, आणि घरात बोलणे सुरू झाले आहे.

तुझे सर