भुरी साल्हेर चढेल, पण उतरेल किती वाजता?

प्रश्न: आमची भुरी तीन वर्षांची गावठी कुत्री आहे, वीसेक किलोची, रोज सकाळी माझ्यासोबत पाच किलोमीटर चालते आणि दमत अजिबात नाही. मार्चच्या पहिल्या रविवारी तिला घेऊन साल्हेर आणि सालोटा हे शेजारचे दोन गड एकाच दिवशी करायचा विचार आहे, मी, नवरा आणि भुरी. गर्दी नको म्हणून मुद्दाम बागलाण निवडलंय. तिला झेपेल का? सोबत काय घ्यावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: चढायचं म्हणाल तर भुरी तुमच्या दोघांच्या आधी वर पोचेल, त्याची काळजी करू नका. साल्हेर १५६७ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या (१६४६) खालोखाल राज्यात दुसरा, पण पायथ्याच्या वाघांबे गावाच्या बाजूने शिड्या-बिड्या नाहीत, साल्हेर-सालोट्याच्या खिंडीपर्यंत पायवाट आणि पुढे कातळात खोदलेल्या पायऱ्या, दरवाजे, मग गुहांच्या कडेने आडवी चाल. गावठी कुत्र्याला हे जमतं. घोळ होतो तो उतरताना, कारण तेव्हा अकरा-बारा वाजलेले असतात आणि तो अख्खा कातळ तापलेला असतो. आपण बूट घालतो म्हणून आपल्याला कळत नाही, ती अनवाणी आहे. हाताची पालथी बाजू दगडावर सात सेकंद टेकवून बघा, नाही टेकवता आली तर तिथे तिचा पंजाही नको.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडाफार पंजांना येतो, बाकी सगळा भार धापेवर. त्यात कुत्रं आपल्यासाठी चालत राहतं, थांबूया असं ते म्हणत नाही. माझा शेरू असाच एका मार्चमध्ये (गड वेगळा होता) उतरताना दर झुडपाखाली जाऊन बसायला लागला आणि मी आपली लाडाने म्हणतेय, काय रे आळशी, चल. दहा मिनिटांनी जीभ लालभडक, लाळ चिकट, मागचे पाय लटपटतायत. सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतलं, पोट, जांघा, पंजे सगळं, आणि टोपीने वारा घातला, तेव्हा कुठे अर्ध्या तासाने उठला. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवायची चूकही तेव्हाच केली, तो जरा वेळात गरम होतो आणि उष्णता आतच कोंडते. असं काही झालं तर आधी थंड करा आणि मग थेट डॉक्टरकडे न्या, वरवर बरं दिसलं तरी.

म्हणून माझं मत, सालोटा या वेळी सोडा. त्याच्या वाटेवर घसारा आहे, कुत्रं पुढे गेलं की त्याच्या पायाखालचे दगड मागच्याच्या डोक्यात, आणि दोन्ही करायचे म्हटलं की भर उन्हात उतरणं आलंच. आदल्या रात्री वाघांब्यात मुक्काम करा, पण उन्हाच्या भीतीने काळोखात निघू नका, बिबट्याला कुत्रं आवडतं हे तुम्हाला सांगायला नको. उजाडलं की निघा, आणि खिंडीत पोचायला नऊ वाजून गेले तर तिथूनच परत फिरा. वर गंगासागर तलाव आहे, त्याच्या भरवशावर पाणी कमी घेऊ नका, भुरीचं दोन लिटर वेगळं आणि एक पसरट भांडं. शिखरावर परशुरामाचं मंदिर आहे, त्याने इथूनच बाण मारून समुद्र मागे हटवला नि कोकण काढलं म्हणतात. हवा स्वच्छ असेल तर मुल्हेर, मोरा, मांगी-तुंगी सगळी मंडळी दिसतात. बसा, पण पट्टा हातात ठेवून, कारण वानरं दिसली की कुत्र्याला कडा दिसत नाही. शिवाय २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत साल्हेरचं नाव आलंय, तेव्हा गर्दी अजिबात नसेल असं धरू नका.

आता कुसळं. मार्चमध्ये डोंगरभर वाळलेलं गवत असतं आणि त्याची कुसळं बोटांच्या बेचक्यात, कानात, नाकात शिरतात, शिरली की बाणासारखी आत-आतच जातात, उलटी फिरत नाहीत. गाडीत बसायच्या आधी चारही पंजे बोटं फाकवून बघा, कान बघा, गोचीडही तेव्हाच सापडतील. घरी आल्यावर डोकं सारखं एका बाजूला झटकत असेल तर कानात काडी घालत बसू नका, डॉक्टरला दाखवा. रेबीज, लेप्टोस्पायरोसिसची लस झालेली असेल असं धरतेय. आणि नाशिकवाल्यांना खास, द्राक्षांचा सीझन आहे, डब्यात द्राक्षं नाहीतर सुकामेव्यात मनुका असणारच, ते तिला एकही देऊ नका, कुत्र्याच्या किडनीवर येतं. भाकरी द्या की, मजेत खाईल.

प्रश्न: मग कळसूबाईला नेलं तर चालेल का? ते जवळ पडतं. – नाशिकचेच दुसरे वाचक

उत्तर: नको. लोखंडी शिड्यांच्या फटीतून खालचं दिसतं, कुत्री तिथे गोठतात, मागे रांग आणि वीस किलोचं जनावर काखेत धरून चढायचं. त्यात तो भाग हरिश्चंद्रगड-कळसूबाई अभयारण्यात येतो, वनखात्याला विचारल्याशिवाय पाळीव कुत्रा नेऊच नये.

प्रश्न: आम्ही कुत्रा नेत नाही, पण पायथ्याच्या गावातला एक दर वेळी आपणहून गडावर येतो. त्याला बिस्किटं द्यावीत का? – एक वाचक, ठाणे

उत्तर: पाणी द्या, बिस्किटांचा पुडा नको, पोळी असेल तर अर्धी द्या. पण तुम्ही दुसऱ्या बाजूच्या गावात उतरणार असाल तर त्याला खिंडीतूनच हाकला, दगड उचलल्याचं नुसतं नाटक केलं तरी पुरतं. खाली दुसऱ्या गावची पाच-सहा कुत्री त्याला घेरतात आणि तुम्ही तर एसटीत बसून निघून गेलेले असता. वाईट वाटतं हाकलताना, मलाही वाटतं, तो तिथेच बसून बघत राहतो आणि मग शेपूट खाली घालून आल्या वाटेने परत जातो.