तळाच्या झाकणावर १९१७ कोरलंय, मग निकामी ग्रेनेड १९१७चाच समजायचा का?

तुम्ही लिहिलंय की अननसासारख्या खाचांचा, निकामी केलेला एक मिल्स बॉम्ब (पहिल्या महायुद्धातला ब्रिटिश हातबॉम्ब) तुमच्याकडे आलाय. तळाच्या झाकणावर 'नं. २३' आणि '१९१७' वाचता येतं आणि त्यावरून साल पक्कं धरावं का, असं विचारताय. नका धरू. १९१७चं आहे ते झाकण. ते आट्यांवर बसतं आणि शंभर वर्षांत ते कुणी काढून बदललं असेल, देव जाणे.

या एका मुद्द्यावर मी भरपूर ऐकून घेतलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आमच्या संग्राहकांच्या गटात एक ज्येष्ठ काका होते. वस्तू हातात घेतली की निकाल देऊन मोकळे. एकदा त्यांनी असाच मिल्स बॉम्ब आणला. "अस्सल तेवीस नंबर, १९१७, विषय संपला." मी भिंग लावून बघितलं. अंगावर जुन्या रंगाचे दोन थर, खाचांत घट्ट बसलेले. झाकण मात्र लखलखीत, आणि किल्ली अडकवायच्या दोन भोकांच्या कडेला ताजे ओरखडे. झाकण आणि अंग जिथे मिळतात, तिथे खालचा थर गोल चिरलेला. म्हणजे रंग दिल्यानंतर झाकण फिरलं होतं.

आता यात बिघडलं काय? तर विल्यम मिल्सच्या या बॉम्बचा पहिला प्रकार, ५ नंबर, १९१५ साली आला. पुढे तोच बॉम्ब रायफलमधून उडवायची गरज पडली, म्हणून झाकणाच्या मधोमध रॉड बसवायला आटे पाडले आणि त्याला २३ नंबर म्हणू लागले. सुरुवातीच्या २३चं अंग ५ नंबरचंच. नुसतं झाकण बदललं की ५चा २३ तयार! मी हे म्हटल्यावर काका काय म्हणाले? "तू जन्मलाही नव्हतास तेव्हापासून मी हे जमवतोय." सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढे विकणाऱ्यानेच सांगितलं की दोन मोडक्यांतून एक धड केला होता. काकांच्या यादीत तो अजूनही '१९१७, अस्सल' आहे. असो.

तर झाकण, लिव्हर (फेकेपर्यंत दाबून धरायची बाजूची पट्टी) आणि अंग यांचा काळ वेगवेगळा तपासायचा. तिघांचं जुळलं तरच साल सांगायचं, नाहीतर सरळ 'जुळवलेला' लिहायचं. त्यात कमीपणा नाही. खोटं साल लिहिण्यात आहे. झाकणावर ३६ (२३च्या पुढचा प्रकार) असेल तर तो पहिल्या महायुद्धाच्या शेवटी शेवटीचा किंवा नंतरचा. '३६ एम'मधला एम मेसोपोटेमियाचा: तिथल्या हवेसाठी ओलावा शिरणार नाही असा केलेला प्रकार. तो ब्रिटिश सैन्यात १९७०च्या दशकापर्यंत टिकला, त्यामुळे नुसत्या '३६ एम'वरून पहिलं महायुद्ध सांगणारा थापा मारतोय.

दुसऱ्या देशांचं थोडक्यात. अमेरिकन मार्क २ दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला पिवळा रंगवत, नंतर ऑलिव्ह हिरवा आणि मानेला पिवळा पट्टा. लिव्हरवर फ्यूजचं (स्फोट घडवणाऱ्या यंत्रणेचं) मॉडेल ठोकलेलं असतं, ते आधी वाचा. जपानी 'टाइप ९७' म्हणजे १८९७ नव्हे. त्यांच्या राजवर्ष २५९७चे शेवटचे दोन आकडे, म्हणजे १९३७. जर्मन दांड्याच्या ग्रेनेडचं डोकं लाल आणि त्याला भोकं असतील तर तो सरावाचा.

आणि कृपा करून घासू नका. काकांनी त्या बॉम्बचं झाकण तारेच्या ब्रशने चकचकीत केलं आणि वर 'स्वच्छ केलंय' म्हणून मिरवलं. रंगाचे थर आणि गंज हाच तर तुमचा पुरावा. तो घासून टाकल्यावर भिंग कशाला लावायचं?

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: 'निकामी आहे' असं दुसऱ्याने सांगितलं म्हणून वस्तू निकामी होत नाही. बाहेर भोक पाडलेलं असलं तरी डिटोनेटरची (मुख्य स्फोट पेटवणाऱ्या छोट्या स्फोटकाची) नळी रिकामी आहे हे जाणकाराने पाहिलेलं असावं. शंका असेल तर हलवू नका, झाकण उघडू नका, पोलिसांना कळवा. रिकामं कवच बाळगण्याचे नियमही देशागणिक वेगळे, तेही बघून घ्या. खात्री झालेली असेल तर झाकण न उघडता तीन फोटो टाका: लिव्हरवरची अक्षरं, झाकणाची दोन भोकं, आणि झाकण-अंगाचा सांधा तिरप्या उजेडात. पूर्ण ग्रेनेडचा देखणा फोटो नको, त्यातून काही कळत नाही.