'गव्हर्नन्स'ला कारभार म्हटले तर?

प्रश्न असा आला आहे: "एका भाषणाचे मराठी करते आहे. इंग्रजी विषय 'पब्लिक पॉलिसी अँड गव्हर्नन्स चॅलेंजेस इन अ चेंजिंग एशिया'. मी 'बदलत्या आशियातील सार्वजनिक धोरण व शासनाची आव्हाने' असे केले. सहकारी म्हणतात शासन म्हणजे गव्हर्नमेंट, इथे 'सुशासन' किंवा 'अभिशासन' हवे. बरोबर काय?"

सहकाऱ्यांचा आक्षेप बरोबर आहे: गव्हर्नमेंट म्हणजे सरकार, गव्हर्नन्स म्हणजे राज्य किंवा संस्था चालवण्याची रीत. पण त्यांनी सुचवलेले दोन्ही शब्द मला पटत नाहीत. 'सुशासन' म्हणजे चांगले गव्हर्नन्स. भाषणात वाईट गव्हर्नन्सबद्दलही बोलायचे असणार, तिथे 'वाईट सुशासन' लिहिणार का? 'अभिशासन' हिंदीतून आलेला शब्द आहे. तो वाचून मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही.

आधी 'शासन' पाहू. त्याच्या मुळाशी 'शास्' धातू आहे: शिकवणे, आज्ञा देणे, दंड करणे. मराठीने यातले दोन अर्थ उचलले. एक सरकार: महाराष्ट्र शासन, शासन निर्णय. दुसरा शिक्षा: 'गुन्हेगारांना कडक शासन झालेच पाहिजे.' २०२३ मध्ये राज्यात 'शासन आपल्या दारी' मोहीम सुरू झाली तेव्हा दुसरा अर्थ आठवून हसलेला मी एकटाच नसेन. तिसरा अर्थ, शिकवण, पालीतल्या 'सासन' शब्दाबरोबर पूर्वेकडे गेला. श्रीलंकेच्या राज्यघटनेतल्या नवव्या अनुच्छेदात 'बुद्ध सासना'चे रक्षण हे राज्याचे कर्तव्य म्हटले आहे, आणि थाई भाषेत 'सात्सना' म्हणजे सरळ धर्म. मुंबईत जो शब्द मंत्रालयाच्या पाटीवर आहे तो बँकॉकमध्ये देवळाच्या बाजूचा. भाषण आशियावर आहे म्हणून ही गंमत सांगितली.

आता थायलंडचीच पुढची गोष्ट, कारण तुमच्यासारखाच पेच तिथे पडला होता. 'गुड गव्हर्नन्स' हा शब्द जागतिक बँक, मनिलाची आशियाई विकास बँक अशा संस्थांनी १९९०च्या दशकात सर्वत्र नेला. आशियाई विकास बँकेने १९९५ मध्ये त्यावर स्वतंत्र धोरणच केले. मग २ जुलै १९९७ ला थायलंडने आपल्या चलनाचा, बाटचा, दर खुला सोडला, चलन कोसळले, पाठोपाठ इंडोनेशिया आणि दक्षिण कोरियाही अडचणीत आले, आणि 'तुमचे गव्हर्नन्स कुठे चुकले?' हा प्रश्न ऐरणीवर आला. उत्तर द्यायचे तर आधी शब्द हवा. थाई विद्वानांनी 'थम्माफिबान' घडवला: धर्म अधिक अभिपाल. दिसायला भारदस्त, आपल्या अभिशासनाचा सख्खा भाऊ. पण २००३ मध्ये या विषयावर राजाज्ञा निघाली तेव्हा तिच्या नावात हा शब्द नाही. तिथे साध्या शब्दांची लांबलचक रचना आहे, तिचा अर्थ साधारण 'देशाचा कारभार नीट चालवणे'. त्यातल्या 'देश'साठी वापरलेला शब्दही घर आणि शहर यांसाठीचे दोन घरगुती शब्द जोडून झालेला आहे. कायदा लिहिणाऱ्याने भारदस्तपणा बाजूला ठेवला ही मला फार आवडलेली गोष्ट.

आणि आपल्याकडे तर 'कारभार' आयता आहे. फारसी 'कारोबार' त्याच्या अगदी शेजारी बसतो, संस्कृत 'कार्यभार'ही लांब नाही. वर्तमानपत्राचा मथळा आठवा: 'पालिकेचा भोंगळ कारभार चव्हाट्यावर.' भोंगळ शासन असे कोणी लिहित नाही. मनमानी कारभार, एकहाती कारभार, अंदाधुंद कारभार, चोख कारभार: विशेषण कुठलेही लावा, शब्द ते पेलतो. सुशासनात 'सु' आधीच चिकटलेला असल्याने ही सोय नाही. शिवाय कारभार फक्त सरकारचा नसतो. सोसायटीचा असतो, पतपेढीचा, देवस्थानचा, कंपनीचा असतो. गव्हर्नन्स हा शब्द गव्हर्नमेंटपासून वेगळा काढला गेला तो नेमका याचसाठी. आणि गावाकडे नवऱ्याला 'कारभारी' म्हणतात, तेव्हा घरापर्यंतही त्याची पोच आहे. (खरा कारभार कोण पाहते हा वेगळा विषय.)

इतिहासातले उदाहरणही चपखल आहे. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर सखारामबापू, नाना फडणीस वगैरे मंडळींनी एकत्र येऊन राज्य चालवले, तो बारभाईंचा कारभार. गादीवर तान्हे मूल, आणि कारभार चालू. सत्ता कोणाच्या नावावर आणि कामे कोण रेटते, यातला फरक मराठीला तेव्हापासून ठाऊक आहे. पुढे बोलण्यात 'बारभाई कारभार' म्हणजे कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही असा गोंधळ झाला, ते नानांच्या मुत्सद्देगिरीवर अन्यायकारकच.

एक ठिकाण मात्र असे आहे जिथे कारभार अडखळतो. जून २०१३ मध्ये इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटावरची पीटजमीन (कुजलेल्या वनस्पतींची, पेटली की धुमसत राहणारी जमीन) आणि जंगले जळत होती आणि सिंगापूरमध्ये हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक ४०१ या घातक पातळीवर गेला. आग एका देशात, खोकला दुसऱ्यात, आणि जमिनी पामतेलाच्या नि कागदाच्या कंपन्यांकडे. आग्नेय आशियाई देशांचा धुराबाबतचा करार २००२ चा, पण इंडोनेशियाने तो संमत केला २०१४ मध्ये. त्याच वर्षी सिंगापूरने परदेशातल्या आगीसाठीही कंपन्यांना दंड करता येईल असा कायदा केला. याला इंग्रजीत 'हेझ गव्हर्नन्स' म्हणतील. 'धुराचा कारभार' कसे म्हणणार? कारभार संस्थेचा असतो, संकटाचा नव्हे. तिथे 'नियमन' लिहा, किंवा थेट 'धुराचा बंदोबस्त'. हा जुना फारसी शब्द आपण पोलिसांना देऊन टाकला आहे, परत मागून घ्यायला हरकत नाही.

'पॉलिसी'ला धोरण, यात बदल नको. हिंदीत 'विदेश नीति', मराठीत 'परराष्ट्र धोरण'. आपल्याकडे नीती म्हटले की आधी सदाचार आठवतो. थाई 'नयोबाय' म्हणजे नय अधिक उपाय, तोही छान आहे. आपल्या धोरणात रोख आणि दूरदृष्टी दोन्ही आहेत, म्हणून तर 'धोरणी माणूस'. गुजराती मित्राला मात्र जपून सांगा, त्याच्याकडे दहावे धोरण म्हणजे दहावी इयत्ता.

राहिली 'आव्हाने'. 'शासनाची आव्हाने' वाचून मला आधी वाटले शासनाने कोणाला तरी आव्हान दिले आहे. षष्ठी फसवते. 'पुढील' घालून ते सावरेल, पण मुळात आव्हान द्यायला समोर कोणीतरी लागतो. म्हातारी होत चाललेली लोकसंख्या, खचत जाणारे जकार्ता हे प्रश्न आहेत, पेच आहेत.

मी असतो तर शीर्षक एवढेच ठेवले असते: 'बदलता आशिया: धोरणे, कारभार आणि पेच'. 'सार्वजनिक' गाळला आहे, कारण देशाचे धोरण खासगी नसते. आणि भाषणात पुढे 'अकाउंटेबिलिटी' येईलच; तिथे 'उत्तरदायित्व' लिहिण्याआधी 'जबाबदारी' एकदा उलगडून पाहा. त्यात 'जबाब' आहे, आणि 'जाब विचारणे' त्याच घरातले.