‘गौरवाला उणे पडले’ हे मराठी बरोबर आहे का?

प्रश्न असा: गिरगावात एका चर्चबाहेरच्या फलकावर ‘सर्वांनी पाप केले आहे आणि ते देवाच्या गौरवाला उणे पडले आहेत’ असं लिहिलंय. हे मराठी चुकलंय का? ‘गौरव उणा पडला’ असं हवं का? आणि सरसकट सगळ्यांना पापी ठरवणं हा माणसाचा अपमान नाही का?

हे वाक्य बायबलच्या नव्या करारातल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्रातलं, अध्याय ३, वचन २३. व्याकरण शुद्ध आहे. ‘गौरव उणा पडला’ असं केलं तर अर्थच उलटेल, कारण देवाच्या गौरवात काही घट झालेली नाही. उणे पडले ते लोक. ‘-ला’ हा प्रत्यय इथे ज्याच्याशी तुलना करायची ते माप दाखवतो. ‘हुशारीला तो कुठे कमी नाही’ या वाक्यात ‘हुशारीला’ जे काम करतं तेच काम ‘गौरवाला’ इथे करतं.

‘उणे’ हा शब्द तर फारच नेमका निवडलाय. एकोणीसमध्ये तो आहे (वीसला एक उणे), ‘पोरीला काही उणं पडू देणार नाही’ या बोलण्यातही आहे. मूळ ग्रीक क्रियापद ‘हुस्तेरेओ’ याच जातीचं. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला तिथे योहानाने आपल्या शुभवर्तमानात तेच वापरलंय. उधळ्या मुलाचे पैसे संपून त्याला अडचण पडू लागली तिथे लूकने वापरलंय. ‘तुझ्यात एका गोष्टीची उणीव आहे’ असं येशू श्रीमंत माणसाला सांगतो, तिथे मार्कातही तेच आहे. म्हणजे शब्द शिवीगाळीचा नाही, तुटवड्याचा आहे. एक बारकावा मात्र मराठीत निसटतो. ग्रीकमध्ये ‘पाप केले’ हे भूतकाळी आहे आणि ‘उणे पडणे’ वर्तमानकाळी, म्हणजे ‘उणे पडत आहेत’, आजही. मराठीत दोन्हीकडे ‘आहे’ आणि ‘आहेत’ आल्यामुळे दोन्ही क्रिया एकाच काळातल्या वाटतात.

वाचक अडखळतो तो खरं तर ‘गौरव’ या शब्दावर. मुंबईत हा शब्द रोज दिसतो तो जीवनगौरव पुरस्कारात, गुणगौरव समारंभाच्या बॅनरवर. त्यामुळे ‘देवाचा सत्कार करण्यात लोक कमी पडले’ असा अर्थ डोक्यात येतो. पण ‘गौरव’ हा ‘गुरु’पासून, म्हणजे जड, वजनदार यापासून झालेला शब्द. पौलाच्या मनामागे गौरवासाठीचा जो हिब्रू शब्द आहे, ‘काबोद’, त्याचा धातूही जडपणाचाच. दोन भाषांचा एकमेकींशी संबंध नाही, तरी हे जुळलंय, आणि भाषांतरकारांच्या हाती याहून चांगला शब्द लागला नसता.

आता अपमानाचं. बायबलमधल्या स्तोत्र ८ मध्ये देवाने माणसाला गौरव आणि थोरवीचा मुकुट घातला असं म्हटलंय. यशया ४३:७ मध्ये देव म्हणतो की, मी त्यांना माझ्या गौरवासाठी निर्माण केलं. म्हणजे गौरव हे माणसाला दिलेलंही आहे आणि त्याच्या असण्याचा हेतूही आहे. १६४७ च्या वेस्टमिन्स्टर लघु प्रश्नोत्तरीचा (प्रॉटेस्टंट शिकवणीचं प्रश्नोत्तररूपी पुस्तक) पहिलाच प्रश्न हा: माणसाचं मुख्य ध्येय काय? उत्तर: देवाचा गौरव करणं आणि सदैव त्याच्यात आनंद मानणं. माप एवढं उंच आहे म्हणूनच उणेपणा दिसतो. माणसाला क्षुद्र मानणाऱ्याला हे वाक्य लिहिताच आलं नसतं.

‘पाप’ हा शब्द मराठीत जमाखर्चाचा आहे: पाप लागतं, पापाचा घडा भरतो, पुण्याने फिटतं. ‘पाप करणं’ यासाठीच्या हिब्रू ‘खाता’ या क्रियापदाचा एक साधा अर्थ मात्र नेम चुकणं असा आहे. शास्ते २०:१६ मध्ये इस्राएलच्या बन्यामीन वंशातले ७०० डावखुरे गोफणवीर केसावर नेम धरूनही ‘चुकत’ नसत, तिथे तेच क्रियापद आहे. ख्रिस्ती शिकवणीत पाप म्हणजे आधी देवाशी तुटलेलं नातं. वाईट कृत्यं त्यातून निघतात. ते नातं तुटल्याने माणसाचं किती बिघडलं यावर मतभेद आहेत. कॅथलिक शिकवणीनुसार स्वभाव जखमी झाला, पूर्ण नासला नाही. सुधारणावादी (कॅल्विनच्या परंपरेतल्या प्रॉटेस्टंट) पंथांनुसार बुद्धी, इच्छा, भावना यांतलं काहीच अस्पर्श राहिलं नाही. याचा अर्थ प्रत्येक माणूस शक्य तितका वाईट आहे असा ते कधीच काढत नाहीत. माणसातलं देवाचं प्रतिरूप मात्र पुरतं पुसलं गेलं असं या दोघांपैकी कोणी म्हणत नाही. उत्पत्ती ९:६ मध्ये, म्हणजे पतन (आदाम-हव्वेचं पहिलं पाप) आणि जलप्रलय दोन्ही होऊन गेल्यावर, खुनाला मनाई करताना कारण तेच दिलंय: माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे. नव्या करारातल्या आपल्या पत्रात याकोबही (३:९) माणसाला शिव्याशाप देऊ नयेत याचं कारण हेच सांगतो.

फलकाची चूक वेगळीच आहे. वचन २३ हे पूर्ण वाक्य नाही. २२ मध्ये सुरू झालेलं म्हणणं २४ मध्ये पुरं होतं: तेच लोक देवाच्या कृपेने, ख्रिस्त येशूने दिलेल्या मुक्तीमुळे, विनामूल्य नीतिमान ठरतात. पौलाचा जोर त्या ‘विनामूल्य’वर आहे. फलकावर जागा कमी असेल तर अक्षर लहान करावं, पण २३ आणि २४ एकत्रच रंगवावीत.