इस्तंबूलला चार दिवस जातोय, सोबत शाकाहारी आई आहे. काय पाहावं आणि तिच्या खाण्याचं कसं जमवावं?

आईच्या जेवणाची काळजी सोडा, आधी तेच सांगते. मी गेल्या वर्षी ऑक्टोबरात माझ्या आईला घेऊन गेले होते. ती अंडंही खात नाही, तरी चारही दिवस पोटभर जेवली. फक्त पहिल्या दुपारी माझी चूक झाली.

एका साध्या खाणावळीत काचेमागे भरलं वांगं दिसलं. आपल्याकडच्यासारखंच, म्हणून बोट दाखवून मागवलं. आईने पहिला घास तोडला आणि आत खिमा निघाला. ती काही बोलली नाही, ताट हळूच बाजूला सरकवलं. मला फार वाईट वाटलं. त्या वांग्याचं नाव कार्नियारिक, ते गरम वाढतात. तुम्हाला हवं ते इमाम बायिल्दी: कांदा, लसूण आणि टोमॅटो भरून ऑलिव्ह तेलात शिजवलेलं, थंडच वाढलेलं. दिसायला दोन्ही जवळजवळ जुळी. म्हणून 'एतसिझ' हा शब्द पाठ करा, म्हणजे 'मांसाविना'. 'झेयतिन्याली' हा दुसरा. ऑलिव्ह तेलात शिजवून थंड वाढलेल्या भाज्यांना हे नाव आहे आणि त्या बहुतेक बिनमांसाच्या असतात: फरसबी, आर्टिचोक, भात भरलेली द्राक्षाची पानं. मसुराचं सूप, मेर्जिमेक चोरबासी, सगळीकडे मिळतं, पण कधीकधी ते मटणाच्या पाण्यात करतात, तेव्हा विचारून घ्या. दुकानात मिळणारं चि कोफ्ते नावावरून मांसाचं वाटेल, पण आता ते बारीक दलियाचं असतं. तिखट, वर लिंबू, पानात गुंडाळलेलं. आईला ते इतकं आवडलं की दोनदा खाल्लं.

नाश्त्याला चीज, ऑलिव्ह, काकडी, टोमॅटो, पाव आणि मधाबरोबर कायमाक. कायमाक म्हणजे घट्ट साय. ते चुकवू नका.

आता पाहण्याचं. पहिला दिवस सुलतानअहमत भागात घालवा. आयासोफ्या सम्राट जस्टिनियनने ५३७ साली चर्च म्हणून पूर्ण केलं. १४५३ नंतर मशीद, मग संग्रहालय, २०२० पासून पुन्हा मशीद. परदेशी पर्यटकांना तिकीट काढून वरच्या सज्जात जाता येतं. तिथलं येशूचं जुनं मोझॅइक आणि समोरचा घुमट एकाच जागेवरून दिसतात, तिथे घाई करू नका. जवळच जमिनीखालचं बॅसिलिका जलाशय आहे, ३३६ खांबांचं. तळाशी ग्रीक पुराणातल्या मेड्युसाची दोन दगडी डोकी आहेत, एक उलटं, एक आडवं. निळी मशीद समोरच आहे, पण शुक्रवारी दुपारच्या नमाजाची वेळ टाळा. डोकं झाकायला ओढणी सोबत ठेवा. तोपकापी राजवाडा मंगळवारी आणि मोठा बाजार (ग्रँड बझार) रविवारी बंद असतो, त्याप्रमाणे दिवस लावा.

माझं मत विचाराल तर एका मशिदीला अख्खी सकाळ द्यायची असेल तर ती सुलेमानियेला द्या. वास्तुकार सिनानने ती १५५७ मध्ये पूर्ण केली. दिव्यांची काजळी हवेच्या ओढीने एका खोलीत जमावी आणि तिची शाई करावी अशी योजना त्याने इमारतीतच केली होती. मागच्या अंगणातून गोल्डन हॉर्न या खाडीचं पाणी दिसतं. तिथे आई अर्धा तास नुसती बसून होती. मशिदीसमोर खाणावळींची ओळ आहे, तिथे पांढऱ्या राजम्याची उसळ, भात आणि लोणचं मिळतं. तिथेही 'एतसिझ' म्हणायला विसरू नका. थोडं खाली वेफा भागात १८७६ पासून बोझा विकणारं दुकान आहे. बोझा म्हणजे आंबवलेल्या धान्याचं घट्ट पेय, वर दालचिनी आणि फुटाणे घालून. फुटाणे बघून आईचा चेहरा खुलला!

मसाल्यांच्या बाजारात आत फिरा, पण खरेदी बाहेरच्या गल्ल्यांत करा. भाषेची भीती बाळगू नका. ताज्याला 'ताझे', बदामाला 'बादेम', साखरेला 'शेकेर' म्हणतात आणि बिल मागायचं तर 'हेसाप', म्हणजे आपला हिशेबच. हे कळल्यावर आई स्वतःच दुकानदारांशी बोलायला लागली.

एक संध्याकाळ मात्र राखून ठेवा. एमिनोन्यूच्या धक्क्यावरून काडिकॉयची फेरीबोट धरा, वीसेक मिनिटांत आशियात पोचाल. इस्तंबूलकार्ड ट्रामलाही चालतं आणि फेरीलाही. तिथल्या बाजारात खा-प्या आणि सूर्य मावळताना परत फिरा. बोटीवर छोट्या पेल्यात बिनदुधाचा चहा मिळतो. तो घेऊन बाहेरच्या बाकावर बसा. समोर सुलेमानिये, आयासोफ्या आणि तोपकापी काळ्या रेषेत उभे असतात आणि सीगल अगदी जवळून उडतात. आईने स्वतःचं सिमित, म्हणजे तीळ लावलेला कड्यासारखा पाव, तोडून त्यांना भरवलं, आणि उतरल्यावर विचारलं, "उद्या परत यायचं का?" आम्ही गेलो.