स्थळं बघणं आधी थांबवा

प्रश्न : मुलगी बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र. तिला आंतरराष्ट्रीय संबंधांत एमए करायचंय. मी म्हणतो, दोन वर्षं पुण्यात राहून यूपीएससी कर, फॉरेन सर्व्हिस घे. नाही जमलं तर स्थळं बघू. ती मात्र चिप बनवणाऱ्या कंपन्यांबद्दल वाचत बसते. हा तर कॉमर्सचा विषय ना? – एक पालक, सातारा

उत्तर : तुमच्या पत्रातलं ‘नाही जमलं तर स्थळं बघू’ मला फार खटकलं. लग्न ही नापास होण्याची शिक्षा आहे का? यूपीएससीला लाखो मुलं बसतात, निवड हजाराच्या आसपास होते आणि त्यात फॉरेन सर्व्हिसच्या जागा अगदी थोड्या. अपयश तिथे हुशार मुलांनाही येतं. ते आलं की आपलं शिक्षण संपलं, हे आधीच ठाऊक असलेली मुलगी अभ्यासाला बसेल, पण तिचं लक्ष कॅलेंडरकडे असेल. याला तुम्ही संधी म्हणता, मी म्हणणार नाही. आणखी एक. अख्ख्या पत्रात तिला हा विषय का आवडतो, याबद्दल एक ओळही नाही. तुम्ही विचारलंय का कधी?

आता ‘कॉमर्सचा विषय’. परराष्ट्र संबंध म्हणजे वकिलाती आणि सरकारं, हा समज साताऱ्यात तरी असू नये. 1848 मध्ये सातारचं राज्य खालसा केलं ते भागधारकांना लाभांश वाटणाऱ्या एका कंपनीने. त्याआधी गादीवरून काढलेल्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांची बाजू घेऊन त्यांचे वकील रंगो बापूजी सुमारे 14 वर्षं लंडनमध्ये झगडले, ते त्याच कंपनीच्या संचालकांशी. आज सर्वांत प्रगत चिपसाठी लागणारी ईयूव्ही यंत्रं, म्हणजे चिपवर अतिसूक्ष्म नक्षी छापणारी यंत्रं, जगात फक्त नेदरलँड्सची एएसएमएल ही कंपनी बनवते. ती चीनला मिळू नयेत म्हणून अमेरिकेने डच सरकारवर दबाव आणला. डेन्मार्कने तर 2017 मध्ये तंत्रज्ञान कंपन्यांशी बोलायला वेगळा राजदूत नेमला. एवढं लांबही जायला नको. तासगावच्या बागायतदाराकडे युरोपचा खरेदीदार ग्लोबलगॅपचं, म्हणजे चांगल्या शेतीपद्धतीचं प्रमाणपत्र मागतो. ते कुठल्या सरकारने काढलेलं नाही, तिकडच्या सुपरमार्केटवाल्यांनी सुरू केलेलं आहे. तुमची मुलगी नेमकं हेच वाचतेय, आणि योग्य वयात वाचतेय.

दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठात एमए करायचं तर सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. यूपीएससी नंतरही देता येईल, तिला वाटलं तर.

तिलाही स्पष्ट सांगतो, नुसत्या बातम्या वाचून इथे भागत नाही. व्यापाराचं अर्थशास्त्र आणि आकडेवारी पक्की हवी, शिवाय एक परकी भाषा. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, जपानी शिकता येतं. एवढी तयारी असली तर संशोधन संस्था आणि निर्यातदार कंपन्यांतही काम मिळू शकतं.

पुढचं पत्र तिने लिहावं. पाठवण्याआधी ते तुम्ही वाचू नका.