आगीत टाकलेले एक लाख रूबल

प्रिय शिष्योत्तमे,
अ. उ. आ.

आर्थिक वाढीच्या काळात कादंबऱ्यांवरून निघालेल्या रशियन चित्रपट-मालिकांवरच्या तुझ्या लेखाचा खर्डा वाचला. मेहनत दिसते. पण कादंबरीतलं काय घेतलं, काय गाळलं, एवढ्याच हिशेबात तू गुंतली आहेस. जरा प्रेक्षकांकडेही बघ.

दिग्दर्शक व्लादिमिर बोर्त्कोंची, दोस्तोयेव्हस्कीच्या कादंबरीवरची 'इडियट' ही दहा भागांची मालिका २००३ साली टीव्हीवर लागली. त्यात नायिका नास्तास्या फिलिपोव्ना, तिच्यावर लट्टू झालेल्या रोगोझिननं आणलेले एक लाख रूबल भर पाहुण्यांसमोर आगीत टाकते आणि पैशाला हपापलेल्या गान्याला सांगते, नुसत्या हातांनी काढ, सगळे तुझे. गान्या हात घालत नाही. जायला निघतो आणि दोन पावलांवर धाडकन कोसळतो. दोस्तोयेव्हस्कीनं तो गठ्ठा गुंडाळलाय कशात, तर शेअर बाजाराच्या वर्तमानपत्रात! (बेरकी माणूस.) आता हे बघणाऱ्यांचा विचार कर. १९९८च्या ऑगस्टात रूबल गडगडला, अनेकांची बँकेतली पुंजी बुडाली. मग तेलाचे भाव चढले आणि हातात पुन्हा पैसा खेळू लागला. तो प्रसंग त्यांना कादंबरीच्या काळातला, १८६८ सालचा, कसा वाटेल?

पुढे २००५मध्ये बोर्त्कोंनीच बुल्गाकोव्हच्या कादंबरीवरची 'मास्टर आणि मार्गारिटा' ही मालिका आणली. मॉस्कोची माणसं तशी बरी आहेत, घराच्या प्रश्नानं तेवढी बिघडली, असं त्यातला सैतान म्हणतो. मॉस्कोलगतच्या खिमकीत आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीचं दुकान उघडून तेव्हा पाच वर्षं झाली होती. ज्यांना परवडत होतं ते सोव्हिएत काळातल्या फ्लॅटचं 'येवरोरेमोंत' करून घेत होते, म्हणजे पाश्चात्त्य थाटाचं नूतनीकरण. घराचा हा धागा तुझ्या लेखात एका ओळीत उरकलाय. त्याला निदान दोन परिच्छेद दे.

सेर्गेई मिनायेवच्या 'दुख्लेस' या कादंबरीबद्दल मात्र मी भांडणार. तू तिला 'उथळ' म्हणून निकालात काढलंस. असेल उथळ. पण २००६च्या कादंबरीतला नायक डबाबंद मका-वाटाणे विकणाऱ्या कंपनीत बडा अधिकारी आहे आणि २०१२च्या चित्रपटात तो बँकेत बसतो. मधे २००८ची मंदी येऊन गेली. हा बदल का केला असेल, ते शोध. तुला हवा असलेला मुद्दा तिथेच सापडेल.

आणि अशा कलाकृतींचं सगळं श्रेय आर्थिक वाढीला देऊ नकोस. बोर्त्कोंनी बुल्गाकोव्हच्याच 'कुत्र्याचं हृदय'वर १९८८ साली चित्रपट केला होता, तेव्हा तर टंचाईमुळे दुकानांपुढे रांगा होत्या.

पेलेविनची 'जनरेशन पी' ही कादंबरी तूर्त राहू दे. तिला वेगळा लेख लागेल.